शुक्राचार्यांचा पेला आणि भांगेचा मोदक

कोपरगावच्या बेटात, गोदावरीच्या काठाला, शुक्राचार्यांचे मंदिर आहे. इथे लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही, असे भाविक सांगतात. कच-देवयानीची कथाही इथलीच मानतात. कथा सगळ्यांना ठाऊक असते, पण तिचा मधला भाग घाईत उरकला जातो. संजीवनी विद्या शिकायला आलेल्या कचाला असुरांनी तिसऱ्यांदा मारले, जाळले, त्याची राख मद्यात कालवली आणि तो पेला खुद्द गुरूंना पाजला. शुक्राचार्यांनी तो रिचवला. आत काय आहे, याचा त्यांना पत्ता नव्हता.

पोटातून कचाचा आवाज आला तेव्हा उलगडा झाला. पुढे शुक्राचार्यांनी मर्यादा घातली: यापुढे जो ब्राह्मण मोहाने मद्य पिईल, त्याला ब्रह्महत्येचे पाप लागेल. राख कालवणाऱ्या असुरांना मात्र त्यांनी नुसते मूर्ख म्हटले. महाभारताच्या आदिपर्वातला हा न्याय आजच्या वाचकाला खटकायला हवा. पिणारा दोषी ठरला, कालवणारे सुटले.

भांग घातलेले औषधी खाद्यपदार्थ बनवणाऱ्या स्वयंपाकघरांवर सरकारी नजर असावी का, हा वाद नेमका इथे येऊन अडतो. नशा पाप की नाही, यावर धर्मशास्त्राने भरपूर खल केला. खाणाऱ्याला घासात काय आहे हे कळलेच नाही तर दोष कोणाचा, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला.

आणि इथे न कळणे फार सोपे आहे. भांगेतले मादक द्रव्य, टीएचसी, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. म्हणून तर भांग दुधात उकळतात, तुपात परततात. ते तूप मिश्रणात नीट घोटले गेले नाही, तर एकाच ताटातली एक वडी सौम्य निघते आणि शेजारची जहाल. शिवाय पोटात गेलेले टीएचसी यकृतातून जाताना अधिक प्रभावी रूप घेते, आणि परिणाम जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. 2014 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एका 19 वर्षांच्या तरुणाने अशा बिस्किटाचा तुकडा खाल्ला. काहीच होत नाही असे वाटून थोड्या वेळाने उरलेलेही संपवले. बिस्किटात 65 मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे तिथल्या हिशेबाने साडेसहा जणांची मात्रा. तो चौथ्या मजल्यावरून पडून मेला. कॅनडाने 2019 मध्ये असे पदार्थ विकायला परवानगी दिली तेव्हा एका पाकिटात 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि ज्या इमारतीत साधे अन्न शिजते तिथे हे शिजवायचे नाही, असाही नियम केला.

आपल्याकडे असे काही नाही, असे कोणी समजू नये. मदनानंद मोदक हे भांगयुक्त आयुर्वेदिक औषध नावानेच खाद्यपदार्थ आहे. जातीफलादी चूर्णातही भांग असते. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्या. ही पाने राज्यांच्या हाती राहिली. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा भांगेला परवान्याच्या चौकटीत ठेवतो.

यावर भाविकांचा आक्षेप ठरलेला: शिवाच्या प्रसादाला सरकारी तराजू कशाला? आक्षेप जुना आहे. इंग्रज सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी 1893 मध्ये नेमलेल्या आयोगाने 1193 साक्षी तपासल्या. सरसकट बंदी नको, ती लोकांच्या धर्मभावना दुखावेल; परवाने आणि कर यांनी आवर घालावा, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. भाविकांना हा निष्कर्ष सोयीचा वाटतो, पण त्याचा उत्तरार्ध ते सोडून देतात.

खरे तर प्रसादाने तराजू केव्हाच मान्य केला आहे. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी शिजवणे आणि फुकट वाटणे यांत फरक करत नाही. देवस्थानांच्या स्वयंपाकघरांनाही तो लागू आहे. याच कायद्याखाली 2021 पासून भांगेच्या बिया अन्न म्हणून विकता येतात, आणि त्यांत किलोला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. कोपरगाव तालुक्यात मळीपासून मद्यार्क काढणाऱ्यांना लिटरालिटरचा हिशेब उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो. त्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागल्याचे ऐकिवात नाही.

मग भांगेच्या मोदकाचे काय? औषधांच्या नियमावलीत विषारी द्रव्यांची ई-1 ही अनुसूची आहे आणि तीत बियांखेरीज भांग येते. अशा औषधाच्या डबीवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. ही सूचना इंग्रजी आणि हिंदीत हवी, असे नियम म्हणतो. मराठीचा उल्लेख त्यात नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने निदान एवढे करावे: एका मोदकात टीएचसी किती, हा आकडा डबीवर मराठीत छापायला लावावा, आणि तो चुकीचा निघाला तर खाणाऱ्याला नव्हे, बनवणाऱ्याला जाब विचारावा.