मत देणें आणि मत बनविणें

आपल्या मराठी भाषेंत 'मत' हा एकच शब्द दोन अर्थांनीं वापरला जातो. एखाद्या गोष्टीविषयीं मनुष्याच्या मनांत जो विचार ठरतो, त्यास मत म्हणतात. आणि निवडणुकीच्या दिवशीं तो जें पेटींत टाकतो किंवा यंत्रावर नोंदवितो, त्यासही मतच म्हणतात. इंग्रजींत ह्या दोहोंस निरनिराळे शब्द आहेत. आपल्या भाषेनें मात्र दोहोंस एकच नांव दिलें, आणि त्यांत एक सत्य सांठलेलें आहे. तें हें कीं, जें मत आपण देतों तें आधीं बनलेलें असावें लागतें. देण्यास एक क्षण पुरतो. बनविण्यास महिने, कधीं कधीं वर्षें लागतात. देण्याचा दिवस कायदा ठरवितो. बनविण्याचा दिवस कोणताही कायदा ठरवूं शकत नाहीं.

ह्यावरून एक प्रश्न निघतो, आणि तो आज पुष्कळ घरांत निघत आहे. ज्यास मत देण्याचा अधिकार अद्याप मिळाला नाहीं, त्या विद्यार्थ्यानें राजकीय मत बनवावें काय? आणि बनविल्यास तें बोलून दाखवावें काय? सुट्टींत मुलें घरीं येतात, त्यांच्या हातांत फोन असतो, आणि दूर देशच्या बातम्या त्यांस शेजारच्या गांवच्या बातम्यांपेक्षां लवकर कळतात. ओट्यावर बसून तीं अमेरिकेंतील पक्षांविषयीं तावातावानें बोलूं लागलीं म्हणजे वडील माणसें म्हणतात, "पोरांनो, अभ्यास करा. तुम्हांस काय करावयाचें आहे तें?" हें बोलणें प्रेमाचें आहे ह्यांत संशय नाहीं. परंतु तें बरोबर आहे काय, हें पाहिलें पाहिजे. आणि ज्या देशाच्या निवडणुकीवरून ही मुलें वाद करितात, त्याच देशांत ह्या प्रश्नाची पुष्कळ पारख झालेली असल्यामुळें आपणही तेथेंच जाऊन पाहूं.

प्रथम तेथील रीत थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत 'काँग्रेस' हें पक्षाचें नांव नव्हे. कायदे करणाऱ्या सभेचें तें नांव आहे. तिचे दोन भाग आहेत. प्रतिनिधिसभेंत ४३५ सभासद असतात व ते सर्व दर दोन वर्षांनीं निवडले जातात. सेनेटमध्यें प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सभासद असतात. त्यांची मुदत सहा वर्षांची असते, आणि दर दोन वर्षांनीं त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश जागांची निवडणूक होते. निवडणुकीचा दिवस नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारानंतरचा मंगळवार हा ठरलेला आहे; २०२६ सालीं तो ३ नोव्हेंबर रोजीं येतो. ज्या वर्षीं अध्यक्षाची निवड नसते, केवळ ह्या सभांची असते, त्या वर्षीं मत देणारे लोक नेहमींच कमी असतात. तरीपण कर किती घ्यावा, परदेशच्या लोकांस कोणत्या अटींवर येऊं द्यावें, विद्यार्थ्यांस कर्ज कसें द्यावें, हें सारें ह्याच सभा ठरवितात. म्हणून तेथील महाविद्यालयांच्या खोल्यांत व भोजनगृहांत हा विषय निघतो. तेथें शिकणारीं आपल्या देशचींही मुलें असतात. त्यांस तेथें मत नाहीं, पण तेथील कायद्याचा परिणाम त्यांच्यावर होतोच. आपल्या लोकांचा ह्या सभेशीं मुळींच संबंध नाहीं असेंही नव्हे. बेळगांवकडे जन्मलेले व मराठी बोलणारे श्री. ठाणेदार हे २०२२ सालीं मिशिगन राज्यांतून प्रतिनिधिसभेवर निवडून आले, व २०२४ सालीं पुन्हां निवडून आले.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विद्यार्थ्यास मत असावें काय? एके काळीं अमेरिकेंतील शाळांचें उत्तर होतें कीं, मुलांनीं सांगितलें तें म्हणावें. यहोवाचे साक्षीदार ह्या लहानशा पंथाच्या मुलांनीं राष्ट्रध्वजास प्रणाम करण्यास नकार दिला, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणें तें देवावांचून दुसऱ्यास वंदन करणें होतें. त्यांस शाळेंतून काढून टाकण्यांत आलें. १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा बहुमतानें मुलांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यानंतर त्या पंथाच्या लोकांचा ठिकठिकाणीं छळ झाला. परंतु १९४३ सालीं, युद्ध ऐन भरांत असतां, त्याच न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं आपला निकाल फिरविला, व कोणासही मनाविरुद्ध वचन बोलावयास लावतां येत नाहीं असें ठरविलें. आपण जे गांवोगांवीं थोडक्या संख्येनें राहतों, त्यांस ह्या निकालाची किंमत विशेष कळावी. आठ विरुद्ध एक असें प्रचंड बहुमतही चुकूं शकतें. आणि तीन वर्षांत तें सुधारलें, कारण कांहीं लोक विचार करण्याचें व बोलण्याचें थांबले नाहींत.

पुढें १९६५ सालीं आयोवा राज्यांतील डे मॉइन शहरीं कांहीं विद्यार्थी व्हिएतनामच्या युद्धांत मेलेल्यांसाठीं शोक म्हणून दंडास काळी फीत बांधून शाळेंत गेले. त्यांत तेरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा पिता मेथडिस्ट पाळक होता. त्यांनीं आरडाओरड केली नाहीं, कोणाचा धडा मोडला नाहीं. तरी त्यांस घरीं पाठविण्यांत आलें. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं सांगितलें कीं, शाळेच्या कामांत मोठा अडथळा येत नसेल, तर विद्यार्थ्यास आपलें मत दाखविण्याचा हक्क आहे. त्या युद्धांत अठरा वर्षांच्या मुलांस सक्तीनें पाठविलें जात होतें, आणि मत देण्याचें वय तर बहुतेक राज्यांत एकवीस होतें. ज्यास देशासाठीं मरावयास धाडतां, त्यास देशाविषयीं बोलूं देत नाहीं, हा अन्याय अखेरीस सर्वांस दिसला, आणि १९७१ सालीं राज्यघटनेच्या २६ व्या दुरुस्तीनें मताचें वय अठरावर आणलें. आपल्या देशानेंही १९८९ सालीं तेंच केलें. परंतु अठरावा वाढदिवस उजाडतांच मनुष्य एका रात्रींत शहाणा होतो असें कोणी मानील काय? ज्यानें सोळाव्या वर्षीं विचार केला नाहीं, त्याच्या हातीं अठराव्या वर्षीं दिलेलें मत म्हणजे न शिकविलेल्या पोराच्या हातीं दिलेला बैलांचा कासरा होय.

येथें कोणी म्हणेल, "पण ह्या चर्चेनें भांडणें होतात." होतात; हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. १८५६ सालीं सेनेटर चार्ल्स सम्नर ह्यांनीं गुलामगिरीविरुद्ध भाषण केलें. त्यांचा पक्ष न्यायाचा होता, परंतु त्या भाषणांत एका वृद्ध सभासदाची त्यांनीं कडवट थट्टाही केली. दोनच दिवसांनीं त्या वृद्धाच्या नात्यांतील प्रेस्टन ब्रुक्स नांवाच्या प्रतिनिधीनें सभागृहांत येऊन सम्नर ह्यांस काठीनें इतकें मारिलें कीं, त्यांस नीट कामावर परतण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ह्याहून दुःखाची गोष्ट ही कीं, ब्रुक्सच्या लोकांनीं त्यास पुन्हां निवडून दिलें, आणि कित्येकांनीं त्यास नव्या काठ्या भेट पाठविल्या. पुढें पांच वर्षांच्या आंत तो देश आपसांतील युद्धांत पडला. आणि हें केवळ जुन्या काळचें नव्हे. २०२१ सालीं ६ जानेवारी रोजीं, अध्यक्षाच्या निवडणुकीचा निकाल मोजला जात असतां, जमावानें काँग्रेसच्या इमारतींत बळजबरीनें प्रवेश केला. जीभ व काठी ह्यांमध्यें अंतर फार थोडें आहे.

परंतु ह्यावर उपाय मौन हा आहे काय? १८५८ सालचें उदाहरण पाहा. इलिनॉय राज्यांत सेनेटच्या एका जागेसाठीं अब्राहाम लिंकन व स्टीफन डग्लस हे उभे होते. त्या दोघांनीं सात गांवीं समोरासमोर वाद केला. नियम असा होता कीं, पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास, आणि मग पहिल्यानें अर्धा तास उत्तर द्यावें. म्हणजे प्रत्येकास विरुद्ध पक्षाचें म्हणणें पुष्कळ वेळ गप्प बसून ऐकावें लागे. गेल्सबर्ग येथें हा वाद नॉक्स महाविद्यालयाच्या इमारतीस लागून उभारलेल्या मंचावर झाला. ह्या सभांस बायकाही येत. त्यांस सबंध देशांत मताचा हक्क १९२० पर्यंत मिळाला नाहीं. आणि सेनेटर तर तेव्हां लोकांच्या मतानें निवडलेच जात नसत. राज्याची विधिसभा त्यांस निवडी. तरी लोक तीन तीन तास उभे राहून ऐकत. लिंकन ती जागा हरले. पण ऐकणाऱ्यांच्या मनांत जें मत बनत होतें तें हरलें नाहीं. दोन वर्षांनीं तेच लिंकन अध्यक्ष झाले. हेंही सांगितलें पाहिजे कीं, ह्याच वादांत चार्ल्स्टन येथें लिंकन ह्यांनीं काळ्या व गोऱ्या लोकांच्या समानतेविरुद्ध जे उद्गार काढले, ते आज वाचतांना लाज वाटते. मोठ्या माणसाचेंही प्रत्येक वचन पारखून घ्यावें लागतें. आपल्या पक्षाचा मनुष्य बोलला एवढ्यानें तें खरें होत नाहीं.

तेव्हां दोष चर्चेंत नाहीं, चर्चेच्या रीतींत आहे. विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या वडिलांनींही, तीन कसोट्या जवळ ठेवाव्या.

पहिली कसोटी बातमीची. ही गोष्ट कोणी पाहिली? मला कोणी सांगितली? तिनें माझा राग वाढावा, ह्यांत कोणाचा लाभ आहे? फोनवर आलेली बातमी दहा जणांस पाठविण्यापूर्वीं हे तीन प्रश्न विचारण्यास घटकाभरही लागत नाहीं. शेजाऱ्यावर खोटा आळ घेऊं नये ही आज्ञा आपणांस लहानपणापासून पाठ आहे. विरुद्ध पक्षाचा मनुष्य हा शेजारी नव्हे, असें कोठेंही सांगितलेलें नाहीं.

दुसरी कसोटी न्यायाची. विरुद्ध पक्षाचें म्हणणें मला असें सांगतां येतें काय, कीं तो स्वतः ऐकून म्हणेल, "होय, माझें म्हणणें हेंच आहे"? जोंवर हें साधत नाहीं, तोंवर आपण त्याच्याशीं वाद करीत नाहीं. आपणच उभ्या केलेल्या बुजगावण्यास मारीत असतों.

तिसरी कसोटी तराजूची. जें कृत्य दुसऱ्या पक्षानें केलें म्हणून मी निंदितों, तेंच माझ्या पक्षानें केलें असतें तर निंदिलें असतें काय? ब्रुक्सला काठ्या पाठविणाऱ्या लोकांनीं हा प्रश्न स्वतःस विचारला नाहीं. घेण्याचें माप एक व देण्याचें माप दुसरें ठेवणारा वाणी बाजारांत लबाड ठरतो. मग विचारांत दोन मापें ठेवणारा प्रामाणिक कसा ठरेल?

कोणी शेवटचा आक्षेप घेईल कीं, हें नुसतें बोलणें आहे, ह्यानें होतें काय? अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या आंकड्यांप्रमाणें १८ ते २९ वर्षांच्या नागरिकांपैकीं २०१४ च्या निवडणुकींत शेंकडा २० जणांनीं मत दिलें. २०१८ मध्यें शेंकडा ३६ जणांनीं दिलें. चार वर्षांत इतका फरक आपोआप पडत नाहीं. एकमेकांशीं बोलल्यावांचून तरुण घराबाहेर पडत नाहींत. तरी अर्ध्याहून अधिक घरींच राहिले, हेंही विसरूं नये. आणि दूर देशाविषयीं मत बनविणें व्यर्थ आहे असें ज्यास वाटतें, त्यानें पुण्याच्या जोतीराव फुले ह्यांची आठवण करावी. त्यांस अमेरिकेंत मत नव्हतें. तरी तेथें गुलामांच्या मुक्तीसाठीं काय झालें ह्याचा त्यांनीं विचार केला, १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक त्या कार्याबद्दल अमेरिकेच्या लोकांस अर्पण केलें, आणि त्या विचाराचा प्रकाश आपल्याच घरच्या अन्यायावर पाडला. दूरची बातमी वाचण्याचा खरा लाभ हाच. जो दुसऱ्याच्या देशांतील अन्याय ओळखतो आणि आपल्या आळींतील ओळखत नाहीं, त्याचें वाचन फुकट गेलें.

म्हणून, प्रिय वाचकहो, मुलें ओट्यावर बसून वाद करूं लागलीं म्हणजे त्यांस उठवूं नका. तुम्हींही त्यांजजवळ बसा. एकास म्हणा, "तूं आतां त्याची बाजू मांड." दुसऱ्यास विचारा, "हें तुला कोणी सांगितलें?" आवाज चढला तर पाणी प्यावयास द्या, पण प्रश्न बंद करूं नका. मत देण्याचा दिवस त्यांच्या आयुष्यांत येईल तेव्हां येईल. मत बनविण्याचा दिवस आजचा आहे, आणि त्या कामीं त्यांच्या जवळ कोण बसलें होतें, हें तीं पुष्कळ वर्षें स्मरतील.