कुलूप आणि हेतू

भारतीय प्रताधिकार कायद्याने (१९५७) लेखकाचे स्वामित्व मान्य करतानाच संशोधन, समीक्षा व अध्यापन यांसाठी कलम ५२ मध्ये वाचकाचाही अवकाश राखून ठेवला. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली या अवकाशाचा उदार अर्थ लावला. तथापि ही तरतूद कृतीमागील प्रयोजनावर उभी आहे, आणि संगणकीय कुलपाला प्रयोजन कळत नाही; चोर व अभ्यासक त्याच्या लेखी समानच. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ उल्लंघनाच्या हेतूने कुलूप मोडणाऱ्यास शिक्षा सांगते, परंतु कायद्याने निषिद्ध नसलेल्या प्रयोजनासाठी ते उघडण्याची मुभाही देते. मात्र दुसऱ्याला त्यासाठी साहाय्य करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवून ठेवावे, अशी अट घालते. परिणामी ज्याला तंत्र अवगत आहे तो आपला हक्क निःशब्दपणे बजावतो. इतरांना वाचनाचे कारण सांगावे लागते. लेखकाच्या श्रेयाचे व मोबदल्याचे रक्षण न्याय्यच आहे. परंतु ज्या हक्काचा उपभोग कौशल्यावर किंवा कैफियतीवर अवलंबून असतो, त्याची अखेर सवलत होते. आणि सवलत मागणारा वाचक ज्ञानव्यवहारात समान भागीदार उरत नाही.