करवतीची दुसरी मूठ

पुण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत रिकामी आहे आणि मागच्या उन्हाळ्यात मला तिथं आजोबांची करवत टांगायची होती. रात्री झोप येत नसली की मी जुन्या शेडचे व्हिडिओ बघतो. ऑस्ट्रेलियातलं एखादं शेत, गंजलेले पत्रे, पट्ट्यावर फिरणारी, सरपण कापायची मोठी गोल करवत. बघता बघता वाटलं, असं काहीतरी आपल्याकडेही आहे की.

होतंच. घाटंजी तालुक्यात आमच्या शेतात कोठा होता. (गोठ्याला आमच्याकडे कोठा म्हणतात, पुण्यात हा शब्द जपून वापरावा लागतो.) सागाच्या बल्ल्या, अर्ध्या भागावर कवेलू, अर्ध्यावर टिनाचे पत्रे, एका बाजूला पऱ्हाटीचा कुड. कापूस वेचून संपला की शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. आमच्या यवतमाळात तीच कुंपण, तीच भिंत आणि तीच चुलीचं जळतन. बैल विकून बरीच वर्षं झाली होती. बाबांना ट्रॅक्टर उभा करायला जागा हवी होती, म्हणून कोठा पाडायचं ठरलं. आत वखर, डवरा, तिफण, एक तुटकं जू. आणि आढ्याला अडकवलेली करवत.

ही करवत एका माणसाची नव्हे. साडेचार फुटांचं पातं, दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी. दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले, म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. वापरायची पद्धत एकच: दोघांनी आळीपाळीनं ओढायचं. आपल्याकडून ओढून झालं की हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं.

पावसाळ्याआधी वाळलेल्या बाभळीचे आणि निंबाचे ओंडके हिनंच कापले जायचे. एक मूठ आजोबांची, दुसरी आमच्या सालगड्याची. त्यांना मी काका म्हणतो. आजोबा आणि बाबा दोघंही त्यांना नुसत्या नावानं हाक मारतात, बाबांपेक्षा ते मोठे असूनही. आजोबांची पाठ धरायला लागली तेव्हा ते बाजूला बसून सूचना देऊ लागले आणि त्यांच्या मुठीवर काकांचा मोठा मुलगा आला. म्हणजे शेवटची काही वर्षं दोन्ही मुठी त्यांच्याच घरच्या होत्या.

मग करवत कुणाची? कागदावर विचाराल तर सरळ आहे. कापसाच्या पैशातून आजोबांनी आणली, त्यांच्यामागे बाबांची, उद्या माझी. पण मालकी येते कुठून, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

जॉन लॉकनं 1689 मध्ये दिलेलं उत्तर आपल्या सगळ्यांच्या मनात असतं, त्याचं नाव माहीत नसलं तरी. निसर्गातल्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो, म्हणून ती त्याची होते. वाचायला छान वाटतं. पण त्याच प्रकरणात जरा पुढं तो उदाहरणं देतो: माझ्या घोड्यानं खाल्लेलं गवत, माझ्या नोकरानं कापलेली गवताची ढेकळं, मी खणलेलं खनिज, हे सगळं माझं. श्रम नोकराचे मिसळतात आणि वस्तू मालकाची होते. घोडा आणि नोकर एकाच ओळीत बसलेले बघून मी फोन खाली ठेवला.

पण नोकर तर मीही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम सांगतं की नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. मी लिहिलेला कोड कंपनीचा. याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. पगार मिळाला, विषय संपला. मग काकांनाही साल मिळत होतं, काही ज्वारीत, काही रोख. विषय संपायला काय हरकत आहे?

हे मला बरेच दिवस सोडवता आलं नाही. एक फरक उघड आहे. मी नोटीस देऊन जाऊ शकतो. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तेव्हाच तो उचल घेतो, आणि ती फिटेपर्यंत जायचं कुठं? दुसरा फरक लहान आहे, पण मला तोच जास्त टोचतो. माझा कोड कंपनीचा असला तरी गिटमध्ये प्रत्येक ओळीसमोर माझं नाव दिसतं. करवत भिंतीवर लागली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगणार होतो, ही आमच्या आजोबांची. आणि ते खोटंही नसतं.

कोठा रिकामा करायला काका आले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "काका, करवत तुम्ही घेऊन जा."

मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. सिनेमे फार बघतो मी.

"मले कायले पाह्यजे ते, भाऊ? धरासाठी दुसरा मानूस कुठं हाय? पोरगा गेला सुरतेले." मग वर बघून म्हणाले, "पत्रे चांगले हायेत अजून. थे देता काय?"

त्यांच्या घरी सिलिंडर आहे, पण तो संपला की भरायला पैसे लागतात, म्हणून चूल चालूच असते. आणि चुलीवरचं छप्पर गळतं. पत्र्यांचा सौदा बाबांनी भंगारवाल्याशी आधीच केला होता. त्यावरून आमचं दुपारभर वाजलं. बाबा म्हणाले, त्याचं साल मी कधी थकवलं नाही. हे खरं आहे. मी 17 वं कलम वगैरे काही काढलं नाही, नुसता हट्ट केला. शेवटी सहा पत्रे मिळाले.

पत्र्यांखाली टेकू हवा होता. बांधावर बाभळीचा वाळका ओंडका पडला होता. काकांनी करवतीच्या दातांवरून कानस फिरवली, पात्याला थोडं तेल पुसलं आणि एक मूठ माझ्याकडे केली. मी आठवड्यातून तीनदा जिमला जातो, त्या जोरावर सुरुवात केली. तिसऱ्याच फेऱ्याला पातं वाकून अडकलं.

"ढकलू नोको ना बे! नुस्ती वढ!"

ते मला नेहमी 'भाऊ' आणि 'तुमी' म्हणतात. ट्रॅक्टरवर बसलेल्या बाबांनी वळून पाहिलं. काकांचं लक्ष नव्हतं, ते चिरेत अडकलेलं पातं सोडवत होते.