अनुदानाचा अर्ज कोणासाठी?

कलेच्या अनुदानाचे निकष सर्वांना सारखेच असतात, म्हणून त्यात भेदभाव नाही, असे आपण धरून चालतो. ते निकष एकदा तमाशाच्या फडमालकाच्या जागी बसून वाचावेत. नोंदणीकृत संस्था, मागील वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, प्रकल्पाची रूपरेषा, पहिल्या हप्त्यानंतर उपयोगिता प्रमाणपत्र. शहरातल्या सुस्थित संस्थेच्या फायलीत हे सगळे तयार असते. तमाशाच्या फडाचे गणित निराळे. दसऱ्याआधी कलावंतांना उचल द्यायची, ट्रक, कनात, जनरेटर जुळवायचे, आणि हे सारे बहुधा कर्ज काढून. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तेव्हा कुठे फेडीचा मार्ग दिसतो. मार्चअखेरीस हाती पडलेले अनुदान तोवरचे व्याज वाचवत नाही.

ही केवळ कार्यालयीन अडचण नाही. तमाशा, लावणी, हलगी, गोंधळ या कला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगवल्या त्यांत मातंग, महार, कोल्हाटी, गोंधळी असे समाज आहेत. शाळा, जमीन, बँक यांपासून ज्यांना दूर ठेवले, त्यांच्याकडेच आज कागद मागितला जातो. जातीचा उल्लेखही न करता जात आपले काम करते, ते असे.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. अखेरच्या आजारपणात मात्र रुग्णालयाचा खर्च देणगीदारांनी उचलला. २००२ मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार द्यावाच, पण फड उभा असताना त्याला भांडवल मिळणे अधिक गरजेचे आहे.

अमेरिकेत वर्णभेदाच्या संदर्भात हाच प्रश्न बराच काळ चर्चेत आहे. हेलिकॉन कोलॅबोरेटिव्ह या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीनुसार तिथल्या अवघ्या २ टक्के मोठ्या कलासंस्थांना एकूण देणग्या-अनुदानांपैकी ५८ टक्के रक्कम मिळत होती. काही वर्षांपूर्वी हा वाटा ५५ टक्के होता. म्हणजे समतेची भाषा वाढत असतानाच पैसा उलट्या दिशेने गेला. सदिच्छेने वाटप बदलत नाही. नियम बदलावे लागतात.

आपल्याकडे एक नियम बदलला आहे. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनात वर्षानुवर्षे राष्ट्रीय, राज्य, स्थानिक अशा श्रेणी होत्या. पंचक्रोशीत ज्याची संबळ घराघरांत ओळखली जाते, त्या गोंधळ्याला ‘राष्ट्रीय’ कोण म्हणणार? २०२४ मध्ये ते सर्वांना सरसकट दरमहा ५ हजार रुपये झाले. हे फार आधी व्हायला हवे होते.

मग दर्जाचे काय, असे विचारले जाते. दर्जा पाहावाच, परंतु तो जाणणाऱ्याने. ढोलकीची बारी कशी रंगली हे टंकलिखित रूपरेषेवरून कळत नाही. निवड समितीत सोंगाड्या, ढोलकीवाला, संगीतबारीतली अनुभवी कलावंत हवी. तीही शोभेसाठी एखादी नव्हे, तर निर्णय फिरवता येईल इतक्या संख्येने. अर्ज तोंडी घ्यावा, प्रयोग जत्रेत जाऊन पाहावा. अनुदान कोणत्या जिल्ह्याला, कोणत्या कलेला आणि कोणत्या समाजांना किती गेले, याची यादी दरवर्षी जाहीर करावी.

सांस्कृतिक कार्य संचालनालयाने येत्या दसऱ्याआधी निदान एका जिल्ह्यात हे करून दाखवावे, आणि पैसे उचल वाटण्याच्या आधी फडावर पोहोचवावेत.