तहान कोणाची, तितिक्षा कोणाची?

उष्ण प्रदेशात हिरवळीसाठी किंवा कुरणासाठी कोणते गवत लावावे हा प्रश्न वरवर पाहता कृषिशास्त्राचा आहे, आणि पाण्याचा ताण सोसणारे गवत लावावे, हे त्याचे उत्तरही ठरून गेलेले आहे. हे उत्तर जगाच्या उष्ण पट्ट्यात ज्या वनस्पतीपाशी वारंवार येऊन थांबते, ती महाराष्ट्रात देवघरात दूर्वा आणि शेतात हरळी म्हणून ओळखली जाते; क्रीडांगणांवर आणि रोपवाटिकांत तिलाच बर्म्युडा म्हणतात, जरी तिचा उगम त्या बेटांवरचा नाही. मात्र गवत ताण ‘सोसते’ असे म्हटले की त्याच्या पदरात नकळत एक नैतिक गुण टाकला जातो आणि असे गवत लावणाऱ्यालाही संयमाचे श्रेय मिळून जाते. ही दोन्ही श्रेये कितपत खरी आहेत, हे तपासण्याचे साधन भारतीय दर्शनपरंपरेत आहे.

वेदान्तात ज्ञानाच्या अधिकाऱ्याला शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी सहा साधने आवश्यक मानली आहेत. त्यांतील तितिक्षा म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख यांसारखी द्वंद्वे सोसण्याची शक्ती. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तिची जी व्याख्या येते तिच्यात दोन अटी आहेत: दुःख प्रतिकार न करता सोसावे, आणि सोसताना चिंता वा विलाप करू नये. यांतील पहिली अट अधिक नेमकी आहे. प्रतिकार न करण्याला अर्थ येतो तो प्रतिकाराचे साधन हाताशी असेल तरच. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याचे सोसणे ही केवळ वस्तुस्थिती असते.

हरळी मात्र प्रतिकार करते, आणि तोही मोठ्या हुशारीने. पानांवरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडल्याशिवाय कर्बवायू आत येत नाही, आणि ती उघडली की पाण्याची वाफ निसटून जाते. ही कोंडी हरळी, ज्वारी, मका यांसारख्या वनस्पती कर्बवायू आधी चार कार्बन-अणूंच्या संयुगात बांधून आणि मग पानाच्या आतल्या पेशींत एकवटून सोडवतात, त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही त्यांचे भागते. (ऊसही याच पद्धतीने जगतो, तरी महाराष्ट्रातले पाणी कोण पितो हे सांगायला नको. वनस्पतीची काटकसर ही आपोआप माणसाची काटकसर होत नाही.) दुसरा उपाय जमिनीखाली आहे. वैशाखात काळी जमीन भेगाळलेली असताना खोल नांगरट केली की ढेकळांतून हरळीच्या काशा वर येतात. काशी म्हणजे जमिनीत आडवे धावणारे, पांढुरके, पेरापेराचे खोड. वरचे पान वाळून कागदासारखे झालेले असते, पण काशी नखाने दाबली तर आत ओल लागते आणि प्रत्येक पेरावर एकेक डोळा झोपलेला दिसतो. शेतकरी या काशा वेचून बांधावर उन्हात टाकतात. एखादा तुकडा मातीत राहून गेला तर पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा फुटतो. या चिवटपणामुळेच १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील सर्वांत त्रासदायक तणांवरील होल्म आणि सहकाऱ्यांच्या ग्रंथात हरळीला लव्हाळ्याच्या खालोखाल दुसरे स्थान मिळाले.

तेव्हा दुष्काळात हरळी दुःख गिळून उभी राहत नाही, ती दुष्काळापासून माघार घेते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासवाने अंग आवरून घ्यावे तशी इंद्रिये आवरण्याचा दृष्टान्त आहे आणि त्याच्या लगेच पुढे, विषय दूर झाले तरी त्यांची गोडी मागे उरते, असा इशाराही आहे. हरळीचे आवरणे या इशाऱ्याच्या अलीकडचे आहे: तिच्या पेराची पाण्याची ओढ जराही कमी झालेली नसते. त्यात वनस्पतीचा दोष नाही, पण तिला साधक ठरवण्याचे कारणही नाही.

दूर्वेची पूजा करणाऱ्या जुन्या परंपरेने बहुधा ही गल्लत केलेली नाही. अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या वैदिक विधीत, दूर्वेष्टका नावाची दूर्वांची ‘वीट’ ठेवली जाते आणि शतपथब्राह्मण तिचा अर्थ पशुधन असा लावते. तिच्याबरोबरच्या मंत्रात दूर्वेच्या पेरापेरातून फुटण्याचा उल्लेख असून तिने यजमानालाही तसेच शतपटीने वाढवावे अशी प्रार्थना आहे. गणेशपुराणात अनलासुराला गिळल्यामुळे गणपतीच्या अंगाचा झालेला दाह दूर्वांनी शमतो. पहिल्या ठिकाणी गौरव वाढीचा आहे, दुसऱ्या ठिकाणी गारव्याचा. दूर्वा माणसाला नम्रता आणि सोशिकता शिकवते, हा प्रवचनांत आढळणारा अर्थ या दोन्ही ठिकाणी सापडत नाही, आणि सोसण्याचे कौतुक न सोसणाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते ही शंका प्रवचनांतल्या अर्थाबाबत घ्यावीच लागते.

ही सोय आधुनिक हिरवळीवर उघडी पडते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी या गवताच्या सुधारित जाती तयार केल्या. १९४३ सालची ‘कोस्टल’ ही कुरणांसाठी होती, तर १९६० सालची ‘टिफवे’ ही हिरवळीसाठी. टिफवे हा दोन जातींचा वांझ संकर आहे; त्याला रुजणारे बी धरत नाही, म्हणून तो काड्या लावून किंवा गवताचे थर पसरून वाढवतात. कुरणातल्या गवताला दुष्काळात पिवळे पडण्याची मुभा असते, कारण ते गुरांसाठी असते आणि गुरे वाळलेले गवतही खातात. हिरवळ डोळ्यांसाठी असते. ताण सोसणे म्हणजे काही महिने तपकिरी होऊन पडून राहणे, हीच हरळीची खरी शक्ती. आणि हिरवळीचा मालक नेमकी तीच तिला वापरू देत नाही. गवत तहान सोसायला तयार असते, मालकाला रंग सोसवत नाही. उपग्रहचित्रांच्या आधारे २००५ साली झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज निघाला, आणि सिंचित मक्याच्या क्षेत्राहून ते कितीतरी मोठे होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयापर्यंत गेला. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी दुष्काळग्रस्त लातूरला पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांसाठी सांडपाणी प्रक्रिया करून वापरू, असे क्रिकेट संघटनांचे म्हणणे होते आणि ते तर्काला सोडून नव्हते. सामने हलवल्याने लातूरच्या घागरी भरणार नव्हत्या, हा आक्षेपही खोटा नव्हता. तरीही प्रतिकाराचे साधन ज्यांच्या हाती आहे त्यांनी ते वापरू नये, ही तितिक्षेची अट त्या वेळी गवताऐवजी गवताच्या मालकांना लावली गेली. मात्र आदेशाने लादलेला संयम हा अर्धाच संयम असतो, हेही नोंदवले पाहिजे.

अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०२१ साली केलेला कायदा आणखी वेगळ्या दिशेने जातो. लास वेगास परिसरात कार्यालयांच्या दारांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर असलेल्या ‘निरुपयोगी’ हिरवळीला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. खेळाच्या मैदानांना आणि एकेकट्या घरांच्या अंगणांना ही बंदी लागू नाही; म्हणजे ज्या गवतावर कोणी पाऊल ठेवत नाही ते निरुपयोगी, असा ढोबळ निकष झाला. बौद्ध विनयपिटकात याच्या उलटा विचार सापडतो. भिक्षू पावसाळ्यातही हिंडून हिरवे गवत तुडवतात आणि एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेल्या, जीवांना पीडा देतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर वर्षावासाचा नियम झाला, असे तेथे सांगितले आहे. जैन चातुर्मासामागेही हीच दृष्टी आहे. विनयाला गवताच्या उपयोगाशी कर्तव्य नाही, तो चालणाऱ्याचे पाय थांबवतो.

पाय थांबवण्याचा असाच नियम राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील गावांनी चराईबंदी म्हणून स्वीकारला. मोकळ्या गुरांना रान बंद केले की मारवेल, पवन्या यांसारख्या पौष्टिक गवतांना फुलोऱ्यावर येऊन बी टाकायला अवधी मिळतो, आणि गवत विळ्याने कापून नेता येते. येथे गवताच्या जातीपेक्षा गावाचा निर्णय मोलाचा ठरतो. पण तितिक्षेची पहिली अट इथेही विसरून चालत नाही. ज्याच्याकडे गोठा, कडबा आणि विहीर आहे, त्याने रान सोडणे हा संयम आहे. ज्याच्याकडे चार शेळ्यांखेरीज काही नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसल्याने त्याचे सोसणे केवळ वस्तुस्थिती ठरते, आणि त्याला त्यागाचे नाव देण्याआधी कापलेल्या गवतात त्याचा वाटा किती, हे ग्रामसभेला ठरवावे लागते.