दहा ते दोन

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पंपांचे बुश बनवणारा एक छोटा कारखाना होता. आयटीआयमधून टर्नर झालेली एक बाई तिथे उमेदवारी मागायला आली. शिक्षण संपताच लग्न, मग मूल. लेथला हात लावायची संधीच मिळाली नव्हती. "दहा ते दोन येते," ती म्हणाली. "तेवढा वेळ सासूबाई बाळाला बघतात. वर्षाचं काम शिकायला दोन वर्षं लागली तरी चालेल."

फोरमन अण्णांनी मान हलवली. "अर्ध्या वेळात अर्धाच टर्नर हुतोय. आनि बाईमानसाला संडास कुठाय हितं?"

अण्णा मनाने वाईट नव्हते. बायका नाहीत म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून बायका नाहीत, हा फेरा कायद्यातही होता. कारखाने कायद्यात पाळणाघर सक्तीचं होतं, पण तीसहून जास्त स्त्रिया कामाला असतील तिथेच. पहिल्या तीस जणींनी आपली बाळं कुठे ठेवायची?

जर्मनीत 2005 पासून मुलं किंवा आजारी माणसं सांभाळणाऱ्यांना कमी तासांची उमेदवारी करता येते आणि 2020 पासून त्यासाठी कारणही द्यावं लागत नाही, हे मालकाने वाचलं होतं. तरी त्याचं मन होईना. त्याच्या आईने अण्णांना विचारलं, "तुमी उमेदवारीला हुतासा, तवा डबा कोन भरत हुतं?"

"आई."

"आनि घरात कुनी आजारी पडलं तर?"

"तीच की."

"मग तुमचं आठ तास तिच्या जिवावरचं."

महिन्याभरात मागच्या भिंतीला बायकांसाठी संडास उभा राहिला.

बाईंनी सुरुवातीला टूलला धार लावताना कितीतरी टूल जाळले. अण्णा ओरडायचे, ती पुन्हा ग्राइंडरवर जायची. कारखान्यात पूर्णवेळ शिकणारा एक पोरगाही होता. त्याच्या आठ तासांतले बरेच चहा सांगण्यात, खोकी ट्रान्सपोर्टला पोचवण्यात जायचे. तरी तो तिच्या पुढेच होता, आणि ते साहजिकच होतं. पण तिच्या बुशचा बोअर हळूहळू वीस मायक्रॉनच्या आत बसू लागला.

अशात पोराच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. आई शेतावर जायची, घरी दुसरं कुणी नव्हतं. तो लॉकरची किल्ली परत द्यायला आला. "दिवसभर जमायचं न्हाई आता, अण्णा."

"दोनला बाईंचा लेथ मोकळा हुतोय. दोन ते सहा ये."

"पन अर्ध्या वेळात अर्धाच टर्नर हुतोय म्हनलासा की."

अण्णांनी बाईंच्या ट्रेमधला एक बुश आणि बोअर गेज त्याच्या हातात दिला. "माप बघ."

पोराने दोनदा मोजलं आणि किल्ली खिशात टाकली.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या उमेदवारांसाठी जाहिरात निघाली. कामाची वेळ उमेदवाराने सांगावी, हे वाक्य अण्णांनी तिच्यात घालायला लावलं.