राजीखुशीने

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या निफाडात फार ऐकू येते. ती सांगणारा गृहस्थ पुष्कळदा कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर, हातात तारखेचा कागद घेऊनच बसलेला असतो, ही गोष्ट वेगळी! म्हण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. हातभर बांधासाठी दोन पिढ्या तारखा करीत राहिलेली आणि वकिलाच्या फीपायी बैलजोडी विकलेली घरे मी पाहिली आहेत. परंतु या म्हणीचा आम्ही हळूहळू एक सोयीचा अर्थ लावून घेतला आहे. कोर्टाची पायरी चढू नये, म्हणजे कायद्याचे नावही घरात काढू नये. आणि जी काढील ती, ती बहुधा ‘ती’च असते, घरफोडी. हक्क सांगितल्याने घर खरोखरच मोडते काय, हा प्रश्न मला गेली काही वर्षे छळतो आहे. त्याचे कारण सांगायचे तर माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती काही मला भूषणावह नाही.

मी तीस वर्षे शाळेत मास्तरकी केली. इतर विषयांबरोबर नागरिकशास्त्रही शिकवले. मूलभूत हक्क फळ्यावर लिहिताना माझे अक्षर फार वळणदार येत असे. १९९७ साली वडील वारले. मृत्युपत्र नव्हते. सात-बारावर आईचे, माझे, धाकट्या भावाचे आणि चांदवडला दिलेल्या अक्काचे अशी चार नावे वारस म्हणून लागली. पुढच्याच वर्षी आम्हाला द्राक्षबाग लावायची होती आणि त्यासाठी कर्ज हवे होते. नावे जितकी कमी तितके काम सोपे, असे कोणीतरी सांगितले. मी अक्काला निरोप धाडला, “एका सहीपुरती ये.”

ती सकाळच्या गाडीने आली. येताना मुलांसाठी शेवेची पुडी आणली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत ‘लिहून देणार’ या शब्दांपुढे तिने आपले नाव एकेक अक्षर जुळवीत काढले. तिचे शिक्षण चौथीपर्यंतचे. “कसला कागद रे, भाऊ?” असे तिने विचारले. “कर्जाला लागतो,” मी म्हणालो. हे खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते. तो हक्कसोडपत्राचा कागद होता. ‘मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझा हक्क सोडीत आहे’ असे त्यावर लिहिले होते. त्या दुपारी मी तिला साडी घेतली, आणि आपण भावाचे कर्तव्य केले अशा समाधानात तिला गाडीत बसवून दिले.

कायदा काय म्हणतो, हे मला तेव्हा अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा दिला होता. १९९४ साली महाराष्ट्राने आणखी एक पाऊल टाकले आणि अविवाहित मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाप्रमाणे जन्मानेच वाटा दिला. २००५ साली सबंध देशाने ते तत्त्व स्वीकारले, आणि त्यात लग्न झालेल्या मुलीही आल्या. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पूर्वी रीतसर होऊन गेलेल्या वाटण्या मात्र आता उकरता येत नाहीत. एवढा कायदा समजायला वकील व्हावे लागत नाही. तो ओसरीवर बसून पाच मिनिटांत सांगता येतो. तो सांगितला जात नाही, याचे कारण तो अवघड आहे हे नसून तो सोपा आहे हे आहे.

या गावात बसून कायद्याचा विचार करताना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची आठवण टाळता येत नाही. त्यांचा जन्म येथलाच, १८ जानेवारी १८४२ चा. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती, आणि त्या विचाराचा पुरस्कार करणाऱ्यांत रानडे अग्रभागी होते. परंतु १८७३ साली त्यांच्या पहिल्या पत्नी वारल्या, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना मान तुकवावी लागली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. कायदा त्यांच्या बाजूने होता. आड आले ते माजघर. पुढे हायकोर्टाच्या न्यायासनावर बसणाऱ्या पुरुषालासुद्धा घरात एक वाक्य उच्चारणे इतके कठीण गेले, तर चौथी शिकलेल्या बाईने ते आपणहून उच्चारावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

मात्र रानड्यांनी त्या मुलीला स्वतः लिहायला-वाचायला शिकवले. पुण्याच्या सेवासदनाचा कारभार वाहणाऱ्या रमाबाई रानडे त्या ह्याच. मला वाचता येत होते, कागद माझ्या हातात होता, आणि मी तो बहिणीला वाचून दाखवला नाही. थोर माणसाच्या उणिवेआड लपायची सोयसुद्धा मला उरलेली नाही.

काही वर्षांपूर्वी भाऊबीजेला अक्का आली, ती नातीला घेऊन. आता सात-बारा मोबाइलवर दिसतो. ओवाळणी झाली, आणि त्या पोरीने सहज विचारले, “आजी, ह्याच्यात तुझं नाव कुठंय?” घरात एकदम शांतता पसरली. धाकट्या भावाने करंजी उचलली आणि पुन्हा ताटात ठेवली. अक्का म्हणाली, “भाऊ, त्या कागदावर काय होतं रे?” मी आत जाऊन कपाटातून कागद आणला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. ‘राजीखुशीने’ या शब्दाशी माझा आवाज अडखळला.

ती रडली नाही की भांडली नाही. तबकातली निरांजन तेवढी तिने सारखी केली. मग म्हणाली, “तू सांगितलं असतंस तरी मी सही केली असती. पण मग ते मी दिलं असतं, भाऊ. आता ते तू घेतलंस.”

माझ्या सगळ्या नागरिकशास्त्राहून हे एक वाक्य मोठे आहे. जे आपले आहे हे ठाऊकच नाही, ते माणसाला देता येत नाही. अज्ञानातून त्याग होत नाही, चोरी होते. प्रेमाने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, आणि त्यांच्या थोरवीबद्दल मला शंका नाही. परंतु ती थोरवी खरी की आपण रचलेली, हे ठरण्यासाठी हक्क आधी सांगावाच लागतो. कायदा माहीत झाल्याने माया आटते असे ज्यांना वाटते, त्यांचा त्या मायेवर विश्वास नसला पाहिजे.

फसवून घेतलेली संमती रद्द करवून घेता येते, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. मात्र फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. लबाडीने कागद करून घेणे हा फौजदारी गुन्हाही ठरू शकतो. लोकांच्या तोंडी बसलेला ४२० हा आकडा १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ३१८ झाला. माणसे मात्र अजून ‘चारशेवीस’च आहेत. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. हे सारे मी अक्काला त्याच रात्री सांगितले. आपल्याविरुद्धचा कायदा आपल्याच तोंडाने सांगताना घशाला कोरड पडते, पण झोप बरी लागते.

तिने दावा लावला नाही. धाकट्या भावाचे मन अजून वळलेले नाही, आणि त्याच्या वाट्यावर माझा अधिकार नाही. माझ्या वाट्यातली पाऊण एकर बाग मी रीतसर बक्षीसपत्राने तिच्या नावावर केली. कचेरीत तिने तो कागद नातीकडून दोनदा वाचून घेतला, एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि मगच सही केली. मला त्याचा राग आला नाही. थोडी लाज वाटली, एवढेच.

दिवाळीत बहीण घरी येईल. ओवाळणीत काय घालावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण कपाटात एखादा जुना कागद असेल, तर तो एकदा तिच्यासमोर मोठ्याने वाचावा. वाचताना आवाज कोठे अडखळतो, तेवढे ज्याचे त्याने पाहावे.